वाघाचा फोटो वाघानेच काढला! – एफ. डब्ल्यू. चॅम्पियन



आपल्या खडकवासला-सिंहगड भागात बिबट्या दिसल्याची बातमी आली की काय होतं? मोबाईल बाहेर निघतात, माणसं व्हिडिओसाठी पुढे पुढे सरकतात. मुलं हे सगळं बघत असतात बरं का! म्हणून आज मुलांना सांगण्यासारखी एका माणसाची ओळख करून घेऊया.

फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन यांचा जन्म १८९३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. वडील कीटकांचे अभ्यासक, त्यामुळे निसर्गाची आवड घरातूनच मिळाली. १९१३ मध्ये ते भारतात पोलीस खात्यात आले. पहिल्या महायुद्धानंतर संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडच्या, वनखात्यात रुजू झाले.

तो काळ शिकारीचा होता. साहेब लोक मारलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेत. चॅम्पियन यांना मात्र जिवंत वाघाचा फोटो हवा होता, तोही त्याच्या जंगलात, रात्रीच्या अंधारात.

आता विचार करा, त्या वेळी साधनं काय होती? जड कॅमेरा, काचेच्या प्लेट आणि उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड! ते आधी पावलांचे ठसे बघून वाघाची नेहमीची वाट शोधायचे. त्या वाटेवर बारीक तार आडवी बांधून ती कॅमेऱ्याला जोडायची आणि निघून जायचं. वाघाचा पाय तारेला लागला की लख्ख उजेड पडे आणि फोटो निघे. एकदा प्लेट वापरली गेली की ती संधी संपली. कधी वाघाऐवजी साळिंदर किंवा तरसच तार ओढून जाई. तरी ते चिडले नाहीत, पुन्हा तार बांधत राहिले.

अनेक वर्षांच्या खटपटीनंतर, १९२५ मध्ये लंडनच्या एका प्रसिद्ध सचित्र साप्ताहिकात त्यांचे वाघाचे फोटो छापून आले. १९२७ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. फोटो शेजारी ठेवून पाहताना त्यांनी एक गोष्ट ओळखली: प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. आज व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅपमधल्या पट्ट्यांवरूनच वाघ ओळखतात. जिम कॉर्बेट यांनीही बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला, त्यामागे चॅम्पियन यांची प्रेरणा होती.

१९४७ नंतर चॅम्पियन पूर्व आफ्रिकेत गेले, तिथेही वनखात्यातच राबले. १९७० मध्ये त्यांचं निधन झालं.

गंमत बघा, तारेवरचा फोटो निघताना चॅम्पियन तिथे नसायचेच! वाघ आपल्या वाटेने येई आणि आपल्या वाटेने जाई.

वर्गात मुलांना एवढंच विचारा: बिबट्या दिसला तर पुढे जायचं की त्याची वाट मोकळी ठेवायची? उत्तर मुलांनाच शोधू द्या. आणि आपणही त्या वेळी मोबाईल खिशात ठेवूया, कारण मुलं आपल्याकडेच बघत असतात.