सशांनी उलगडलेलं कोडं

रक्ताच्या रिपोर्टमधला कोलेस्टेरॉलचा आकडा आता घराघरात पोचलाय. पण निकोलाय अनिच्कोव हे नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय? मला तरी या माणसाचं फार अप्रूप वाटतं.

१८८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांचा जन्म झाला. धमन्या कडक होणं हा वयाचाच भाग, असं तेव्हा सर्रास मानत. इग्नातोव्स्की नावाच्या संशोधकाने सशांना मांस, अंडी, दूध खाऊ घातलं, तर त्यांच्या धमन्या बिघडल्या. त्याने दोष दिला प्रथिनांना. अनिच्कोवांनी मात्र १९१३ मध्ये सेमियोन खलातोव यांच्यासोबत सशांना नुसतं शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलातून दिलं. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं आणि धमन्यांच्या आत चरबीचे थर साचले!

पण उंदीर-कुत्र्यांमध्ये तसं घडेना. ससा तर गवत खाणारा प्राणी, त्याचं माणसाला काय, म्हणून बहुतेकांनी दुर्लक्ष केलं. १९५० च्या सुमारास अमेरिकेत जॉन गॉफमन यांनी रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवला, तेव्हा कुठे या कामाकडे नव्याने लक्ष गेलं. १९६४ मध्ये अनिच्कोव गेले. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या त्यानंतर आल्या.

वस्तीत काम करताना मी बघते, नवऱ्याची तपासणी वेळेवर होते, बाईची राहून जाते. मैत्रिणींनो, पाळी गेल्यावर आपलंही कोलेस्टेरॉल वाढतं, आणि ते वाढताना काहीच दुखत नाही. ते फक्त रक्तच सांगतं. तेव्हा यंदा तपासणीला दोघांनी जा.