मायदेशी पाठवण्याची शिक्षा

सुट्टीत मुंबईला गेलात की फोर्टमधल्या एशियाटिक लायब्ररीच्या उंच पायऱ्यांवर जरा बसा. समोर मोठ्या झाडांची गोल बाग दिसेल. तिचे नाव हॉर्निमन सर्कल. पूर्वी ते एल्फिन्स्टन सर्कल होते. एल्फिन्स्टन म्हणजे मुंबईचे इंग्रज गव्हर्नर. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरसाहेबांचे नाव पुसले गेले आणि गंमत म्हणजे तिथे नाव आले तेही एका इंग्रजाचेच!

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म इंग्लंडमध्ये १८७३ साली झाला. १९०६ मध्ये ते कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' या वर्तमानपत्रात नोकरीला आले. तुमचे आई-बाबा इथे आले तसेच, पोटापाण्यासाठी. १९१३ साली सर फिरोजशहा मेहतांनी मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल' सुरू केले आणि हॉर्निमन त्याचे संपादक झाले. स्वतः इंग्रज असूनही ते इंग्रज सरकारच्या चुका निर्भीडपणे दाखवत. ॲनी बेझंट यांच्या होमरूल लीगमध्येही ते सामील झाले.

१३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. तेव्हा आपल्याकडे रेडिओसुद्धा नव्हता. देशात काय चालले आहे हे कळायचे ते वर्तमानपत्रांतून, आणि पंजाबातल्या बातम्या तर सरकारने अडवून धरल्या होत्या. 'क्रॉनिकल' मात्र तिथल्या जुलमावर लिहीत राहिले. त्याच एप्रिलमध्ये सरकारने हॉर्निमन यांना बोटीवर चढवून इंग्लंडला धाडले. 'क्रॉनिकल'ही काही काळ बंद पडले. ११ मे रोजी गांधीजींच्या सांगण्यावरून मुंबईने हरताळ पाळला.

आपल्यापैकी कितीतरी जण घरी जायचे दिवस मोजत असतात. या माणसाला घरी पाठवणे हीच शिक्षा होती! पण तिथेही ते गप्प बसले नाहीत. अमृतसरच्या हत्याकांडावर त्यांनी इंग्रज वाचकांसाठी पुस्तक लिहिले. हिंदुस्थानात परतायला सरकार परवानगी देईना. अखेर जवळजवळ सात वर्षांनी, १९२६ च्या जानेवारीत, नियमांतली एक पळवाट शोधून ते परत आले आणि पुन्हा 'क्रॉनिकल'चे संपादक झाले.

पुढे त्यांनी 'बॉम्बे सेंटिनेल' हे सायंदैनिक बारा वर्षे चालवले. १९४१ मध्ये करंजिया आणि दिनकर नाडकर्णी यांच्याबरोबर 'ब्लिट्झ' हे साप्ताहिक काढले, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. १९४८ साली त्यांचे निधन झाले. ज्या सरकारने त्यांना बोटीवर चढवले होते, ते त्याआधीच वर्षभर बोटीने परत गेले होते.