इंदूरचे बेंद्रे, बडोद्याचे बेंद्रे

स्मरणिकेसाठी आमचे सेक्रेटरी दरवर्षी लेख मागतात आणि दरवर्षी मी ब्लॉकचे, पावसाळी पेट्रोलिंगचे कारण सांगून सुटका करून घेतो. यंदा मात्र मीच मागे लागून जागा मागितली. त्याला कारण गेल्या वर्षीची आपली बालचित्रकला स्पर्धा.

त्या स्पर्धेचा मी परीक्षक होतो. मी चित्रकार नाही. शाळेत असताना एलिमेंटरीला ए ग्रेड मिळाली होती आणि पुढे सिव्हिलचा डिप्लोमा केला म्हणजे ड्रॉइंग चांगले असणार, असा मंडळाचा समज. हातात एक छापील तक्ता दिला होता: आकार 10, रंग 10, विषय 10, नीटनेटकेपणा 10. विषय होता ‘आमच्या मंडळाचा गणपती’. तक्ता हातात आला की माझ्यासारख्या माणसाला बरे वाटते. आमचे आयुष्य मोजण्यात जाते. दोन रुळांमधले अंतर 1676 मिलिमीटर, त्यात किती कमीजास्त चालेल ते पुस्तकात लिहिलेले, पट्टी लावली की निकाल हातात.

आमच्याच एका कीमनच्या पाचवीतल्या मुलाने सगळा कागद माणसांच्या पाठींनी भरला होता. चेक्सचे शर्ट, साडीचे पदर, एका बाईच्या खांद्यावर झोपलेले बाळ. गणपती वर कोपऱ्यात, मुकुट आणि एक कान, एवढाच. मी त्याला चाळीसपैकी सतरा गुण दिले. विषय सोडून चित्र काढले, असा शेराही लिहिला. विसर्जनानंतर आठवड्याने त्याचे वडील ड्यूटीवर भेटले. तक्रार काही नव्हती. सहज बोलता बोलता म्हणाले की पोराला आरतीला पुढे जागाच मिळत नाही, दहाही दिवस मागेच उभा असतो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या उंचीवरून आपला गणपती तसाच दिसतो! दिसले तेच त्याने काढले होते, आणि बक्षीस मिळालेल्या तिन्ही चित्रांतले गणपती कॅलेंडरवरून उतरवलेले होते.

ही गोष्ट मी मंडळातल्या एका काकांना सांगितली. ते निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी उत्तर न देता बेंद्र्यांवरचे एक पुस्तक माझ्या हातात ठेवले. नारायण श्रीधर बेंद्रे हे नाव मी ऐकून होतो, पण ते आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी, हे मला माहीत नव्हते. माझी आधीची पोस्टिंग इंदूरला होती आणि आता बडोद्याला आहे. बेंद्र्यांचे शिक्षण पहिल्या गावात झाले आणि शिकवणे दुसऱ्या. म्हणून हा लेख.

बेंद्रे 21 ऑगस्ट 1910 रोजी इंदूरला जन्मले. होळकरांच्या राज्यात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, त्यांतलेच हेही. 1927 च्या सुमारास दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी इंदूरला चित्रकलेची शाळा सुरू केली. देवळालीकर स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. त्या काळी मुंबईची पद्धत म्हणजे आधी ठोकळे, मग मडकी-बाटल्या, मग ग्रीक मूर्तींचे प्लास्टरचे साचे, आणि हे सगळे नीट जमले की मग जिवंत माणूस समोर बसवायचा. छाया-प्रकाश, प्रमाण, पर्स्पेक्टिव्ह. ही पद्धत वाईट होती असे मी म्हणणार नाही. आमच्याकडेही आधी साखळी धरायला शिकवतात, मग थिओडोलाइट. पण देवळालीकरांनी त्यात एक मोठी भर घातली. ते मुलांना वर्गातून उठवून बाहेर नेत. घाट, गल्ल्या, झाडे, दुपारचे ऊन. ऊन हलायच्या आत चित्र पुरे करायचे म्हणजे खोडत बसायला वेळ नाही, रंगाचा फटकारा जिथे पडला तिथे पडला. या शाळेतून बेंद्रे आले, तसे डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर, सोलेगावकर आले, आणि मकबूल फिदा हुसेनही आले. इंदूरच्या मुलांच्या निसर्गचित्रांची धाटणी पुढे ‘इंदूर स्कूल’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली.

गंमत अशी, की शिकायचे इंदूरला आणि परीक्षा मुंबईच्या डिप्लोमाची. बेंद्र्यांनी ती 1933 मध्ये दिली. कॉलेजात जाऊन बी. ए.ची पदवीही त्यांनी घेतली होती, पण चित्रकलेतला कागद म्हणाल तर डिप्लोमाच. हे वाचताना, खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले. मी नोकरीला लागलो तेव्हा डिग्रीवाला आमच्याहून एक पायरी वर लागायचा, आणि साइटवर काम कोणाला जास्त कळते हा प्रश्न कोणी विचारत नसे. रेल्वेतल्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको.

हुसेन बेंद्र्यांहून पाच वर्षांनी लहान. इंदूरच्या रस्त्यावर बसून चित्रे काढत असताना या मुलाकडे बेंद्र्यांचे लक्ष गेले. त्यांनी त्याची चित्रे पाहिली आणि पुढे थेट त्याच्या घरी जाऊन वडिलांना सांगितले, की याला चित्रकलाच करू द्या. ही हकिगत हुसेन स्वतः सांगत असत. बेंद्रे तेव्हा विशीच्या आसपासचे. ना ते कुठले प्रोफेसर, ना परीक्षक. समोर एका मध्यमवर्गीय मुसलमान घरातला बाप, ज्याला मुलाच्या पोटापाण्याची काळजी. त्या बापाने ऐकले. मला पुस्तकातले हे पान परत परत वाचावेसे वाटले. चाळीसपैकी किती, असा तक्ता बेंद्र्यांच्या हातात तेव्हा असता तर त्या मुलाला किती गुण पडले असते कोण जाणे.

पुढची पंधरा वर्षे बेंद्रे भरपूर हिंडले. 1936 ते 1939 या काळात काश्मीरमध्ये पर्यटकांसाठीच्या सरकारी कचेरीत चित्रकाराची नोकरी केली. 1941 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्या काळच्या चित्रकाराला हे पदक म्हणजे मोठी मोहर. कोणी दुसरा असता तर त्याच धाटणीची निसर्गचित्रे विकत जन्मभर सुखाने राहिला असता. बेंद्रे मात्र 1945 च्या सुमारास शांतिनिकेतनला जाऊन राहिले. तिथे नंदलाल बोस, रामकिंकर, बिनोदबिहारी या मंडळींची शिकवण्याची रीत मुंबईच्या अगदी उलट. 1947-48 मध्ये अमेरिका आणि युरोपचा प्रवास केला आणि न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये मुद्राचित्रण शिकायला बसले. सदतिसाव्या वर्षी, नाव झालेले असताना, पुन्हा विद्यार्थी. आमच्याकडे रिफ्रेशर कोर्सला पाठवले तरी कपाळाला आठ्या पडतात.

आणि मग 1950. महाराजा सयाजीराव विद्यापीठ आदल्याच वर्षी स्थापन झाले होते, हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या. बडोद्याला कलाशिक्षण नवे नव्हते. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढले होते, जिथे दादासाहेब फाळकेही शिकले. पण आता विद्यापीठाने ललित कलांची स्वतंत्र फॅकल्टी काढली आणि चित्रकला हा पदवीचा विषय केला. इंजिनियरिंग, डॉक्टरी यांच्या पंगतीत चित्रकला! मार्कंड भट्ट पहिले डीन, शिल्पकलेला शंखो चौधुरी, आणि चित्रकला विभागाचे प्रमुख बेंद्रे. पुढे के. जी. सुब्रमण्यनही आले. बेंद्रे तेव्हा चाळिशीचे, म्हणजे आज माझे आहे साधारण त्या वयाचे. डिप्लोमावाल्या माणसाच्या हाती पदवीचा अभ्यासक्रम आला होता.

त्यांच्यापुढचा प्रश्न सोपा नव्हता. विद्यापीठ म्हटले की पेपर, गुण, वर्ग, परीक्षक हे सगळे आलेच. चित्राला गुण कशाचे द्यायचे? हुबेहूबपणाचे दिले तर मुंबईचाच जुना डिप्लोमा नवा बोर्ड लावून चालू. मनाला येईल ते करा म्हटले तर मग शाळा हवी कशाला? बेंद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधली वाट काढली. समोरचे पाहून काढण्याची तालीम सोडली नाही. त्याच्या जोडीला कलेचा इतिहास सक्तीचा केला, म्हणजे अजिंठा, मुघल, पहाडी आणि पिकासो हे सगळे मुलाच्या डोळ्यांखालून जायचे. आणि शिक्षक स्वतः मुलांच्या मध्ये उभे राहून काम करू लागले.

या शेवटच्या गोष्टीत बेंद्र्यांचा हात धरणारे थोडे. मुलांसमोर माणूस बसवायचे आणि बघता बघता कॅनव्हासवर त्याचे व्यक्तिचित्र उभे करायचे. तोंडी व्याख्यान कमी, हात जास्त. क्युबिझम समजावायचा तर स्वतः क्युबिस्ट पद्धतीने चित्रे करून बघायची. 1955 मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना ‘काटा’ या चित्रासाठी मिळाला. इंदूरचे ऊन रंगवणाऱ्या माणसाची ही वाट नव्हती. बेंद्र्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की ते सतत शैली बदलत राहिले, त्यांचा असा एक ठसा राहिला नाही. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह मंडळींचे नाव जेवढे गाजले तेवढे यांचे गाजले नाही, त्याचे एक कारण हेच देतात. चित्रकार म्हणून हा आक्षेप बरोबर असेल, त्यावर मी बोलणारा कोण? पण मास्तर म्हणून मला ते फार मोलाचे वाटते. ज्याचा स्वतःचा साचा ठरलेला असतो, तो मुलाचे चित्र त्या साच्यात बसते का तेवढेच बघतो. मी तेच केले होते.

त्यांचे विद्यार्थी बघा. शांती दवे, ज्योती भट्ट, हकू शाह, हिम्मत शाह, गुलाम मोहम्मद शेख. काश्मीरहून आलेले रतन परिमू आणि जी. आर. संतोष. यांतल्या कोणाचेही चित्र दुसऱ्यासारखे नाही, आणि बेंद्र्यांसारखे तर कोणाचेच नाही. कोणी मुद्राचित्रण आणि फोटोग्राफीत गेले, कोणी लोककलांच्या शोधात खेडोपाडी फिरले, कोणी मूर्तिकार झाले, संतोष तर तंत्राच्या आकृत्यांकडे वळले. 1956 मध्ये मास्तर आणि विद्यार्थी यांनी मिळून ‘बरोडा ग्रुप’ काढला आणि मुंबईत प्रदर्शन केले. मास्तरांची चित्रे आणि कालच्या विद्यार्थ्यांची चित्रे एकाच भिंतीवर. प्रेक्षकांनी कोणाला काय म्हणायचे ते म्हणावे. आपली भिंत विद्यार्थ्याबरोबर वाटून घ्यायला छाती लागते. आमच्याकडे साहेब आणि जेई एका ट्रॉलीवर बसतात, पण इन्स्पेक्शन रिपोर्टखाली सही साहेबांचीच.

1959 मध्ये ते डीन झाले आणि 1966 मध्ये राजीनामा देऊन मुंबईला गेले. सोळा वर्षे शिकवले. मुंबईत गेल्यावर त्यांनी पुन्हा वाट बदलली, बारीक बारीक ठिपक्यांनी चित्रे रंगवू लागले. बाजारातल्या बायका, शेळ्या, झाडांच्या सावल्या. लोकांच्या घरांतून, कॅलेंडरांतून जे बेंद्रे दिसतात ते बहुधा या काळातले. पद्मश्री 1969 मध्ये मिळाली. 1971 मध्ये दिल्लीच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होण्याचा मान मिळाला. फेब्रुवारी 1992 मध्ये ते गेले. पद्मभूषणही त्याच वर्षीचे.

फाइन आर्ट्सची फॅकल्टी आपल्या स्टेशनापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. इतकी वर्षे तिथून गेलो, कधी आत डोकावलो नव्हतो. या उन्हाळ्यात काका मला मुलांच्या वर्षभराच्या कामाचे प्रदर्शन बघायला घेऊन गेले. एकेका मुलाचे वर्षभराचे काम भिंतीवर ओळीने लावलेले, पहिले फसलेले चित्रही आणि शेवटचे जमलेलेही. एक चित्र बघून काही कळत नव्हते, पण सहा-सात ओळीने बघितली की मुलगा कुठून कुठे निघाला आहे ते माझ्यासारख्यालाही थोडेफार दिसू लागले. ट्रॅकचेही तसेच असते. एका दिवसाच्या रीडिंगवर कोणी निकाल काढत नाही, मागच्या महिन्यांचे रजिस्टर उघडावे लागते.

परत आल्यावर मी मंडळाचे कपाट उघडायला लावले. गेल्या वर्षीची सगळी चित्रे एका खोक्यात होती. कीमनच्या मुलाचे चित्रही होते, पाठीमागे माझ्या अक्षरातला शेरा आणि सतरा. समितीच्या बैठकीत मी दोन गोष्टी मागितल्या. तक्ता रद्द करावा आणि काकांना परीक्षक करावे, प्रत्येक मुलाने तीन चित्रे द्यावीत आणि मुलाशी दोन मिनिटे बोलल्याशिवाय निकाल लावू नये. तक्ता रद्द झाला. तीन चित्रांना वेळ नाही म्हणून दोनवर तडजोड झाली. आणि आरतीच्या वेळी लहान मुलांसाठी पुढे सतरंजी टाकायची, हेही ठरले, ते मात्र कोणाच्या विरोधाशिवाय.

ते पाठींचे चित्र यंदा मंडपात लावणार आहोत. परवानगी मागायला मी आणि काका त्याच्या घरी गेलो होतो. आईने चहा केला. मी त्याला सांगितले, की माझे चुकले होते, मला तुझे चित्र बघता आले नाही. तो दारामागे उभा होता. चित्र लावायला हो म्हणाला. यंदा स्पर्धेत उतरणार का, हे काकांनी विचारले, त्यावर मात्र अजून काही बोललेला नाही.