बॅटरीचा जनक व्होल्टा

अलेस्सांद्रो व्होल्टा यांचा जन्म इटलीतील कोमो येथे १८ फेब्रुवारी १७४५ रोजी झाला. पुढे ते पाव्हिया विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. दोन धातूंचा स्पर्श होताच मेलेल्या बेडकाचा पाय झटका देतो, तो प्राण्याच्या अंगातील विजेमुळे, असे लुइजी गॅल्व्हानी यांनी १७९१ मध्ये मांडले. व्होल्टांना ते पटेना. वीज धातूंतून येते, हे दाखवायचे तर बेडूक वगळायला हवा होता. त्यांनी चांदी आणि जस्ताच्या चकत्यांच्या जोड्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवला. जोड्या वाढवल्या, की विजेचा दाब वाढे. १८०० मध्ये त्यांनी हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. सलग वाहणारी वीज प्रथमच हाती आली. ती रासायनिक क्रियेतून येते, हे मात्र नंतर स्पष्ट झाले. ५ मार्च १८२७ रोजी व्होल्टांचे निधन झाले.

आज कॅम्पर व्हॅनसाठी घरीच बॅटरी बांधणारे लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे चार सेल एकामागे एक जोडतात आणि १२.८ व्होल्ट मिळवतात. रसायन नवे, रीत व्होल्टांचीच!