कोट्टक्कलचे वैद्यरत्न पी. एस. वारियर

यंदा मलबारातल्या एखाद्या मोठ्या माणसावर लिहा, असा मंडळाच्या चिटणीसांचा आग्रह झाला. मी पडलो रेल्वेतला डिप्लोमा इंजिनियर. इन्स्पेक्शन रिपोर्टापलीकडे फारसे लिहिलेले नाही, तेव्हा सांभाळून घ्यावे.

तिरूर स्टेशन आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. केरळातली पहिली रेल्वे १८६१ साली बेपूर ते तिरूर धावली. या तिरूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर कोट्टक्कल आहे. ट्रॉलीवर बसून बसून माझी कंबर धरली तेव्हा मी तिथे गेलो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला ज्या काढ्याने गुण आला, त्याचीच बाटली आणायची असे ठरवून गेलो होतो. वैद्यांनी मात्र झोप, भूक, पोट, थंडी सोसते का, असे प्रश्न विचारले आणि वेगळाच काढा लिहून दिला. सहकारी धिप्पाड, शांत, कफाचा. मी किडकिडीत, बडबड्या, वाताचा. दुखणे एक, माणसे दोन. आमच्याकडेही रूळ सगळीकडे सारखाच असतो, पण जांभ्यावर जे चालते ते काळ्या मातीत चालत नाही!

वात, पित्त, कफ यांच्या कमी-जास्त प्रमाणावरून आयुर्वेद सात प्रकृती मानतो. एकेका दोषाच्या तीन, दोन-दोन दोषांच्या तीन आणि तिन्ही सारखे असलेली एक. ती गर्भातच ठरते. केरळातले वैद्य ज्याला प्रमाण मानतात त्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोग्याची प्रकृती, वय, बळ, अग्नी, देश, काळ हे सगळे बघूनच औषध द्यावे असे सांगितले आहे. मग प्रश्न पडला की, इतके बघायचे असेल तर तयार बाटली कशी चालते? ही तयार बाटली आणणारा माणूस म्हणजेच पन्नियिनपळ्ळी शंकुण्णी वारियर.

त्यांचा जन्म १६ मार्च १८६९ चा. कुट्टनचेरी वासुदेवन मूस या अष्टवैद्यांच्या घरी राहून ते शिकले. पुढे डोळ्यांच्या विकारासाठी मंजेरीच्या डॉ. वर्गीस यांच्याकडे गेले, तर बरे होऊन नुसते परतले नाहीत, त्यांच्याकडे अ‍ॅलोपॅथीही शिकले. त्या काळच्या वैद्याने हे करणे सोपे नव्हते.

तेव्हाची रीत अशी की वैद्य वनस्पतींची यादी देई आणि घरच्यांनी मुळ्या-साली गोळा करून, कुटून, आटवून काढा करायचा. एखादी वनस्पती मिळाली नाही की दुसरीच पडायची. काढा एक-दोन दिवसांत नासायचा, तो रोज करायचा कोणी? लोक कंटाळून तयार विलायती औषधाकडे वळू लागले होते. वारियरांनी १२ ऑक्टोबर १९०२ रोजी आर्य वैद्यशाळा काढली, टिकणारे काढे, तेले, अरिष्टे शास्त्राप्रमाणे बनवून विकायला सुरुवात केली. औषध वैद्याच्या देखरेखीविना एकसारखे बनवून ठेवले तर प्रकृतीविचार बुडेल, अशी शंका मलाही आली. पण त्यांचे पुढचे काम पाहिले की उत्तर मिळते. औषधे तयार झाली, पण ती कोणाला द्यायची हे ठरवणारा वैद्यही तयार हवा. १९०३ मध्ये त्यांनी धन्वंतरी हे मासिक काढले. कोणते औषध कशावर, हे सांगणारा चिकित्सासंग्रह लिहिला. १९१७ मध्ये कोळिकोडला आयुर्वेद पाठशाळा सुरू केली, ती पुढे कोट्टक्कलला आली. शरीररचनेवर संस्कृतात अष्टांगशारीरम् लिहून त्यात आधुनिक शरीरशास्त्रही घेतले. म्हणजे बाटली एकच, निवड मात्र माणसागणिक. आज आपण शेजाऱ्याला लागू पडली म्हणून बाटली उचलतो, तो दोष आपला. (मी तेच करायला गेलो होतो!)

गरिबांसाठी १९२४ मध्ये धर्मार्थ दवाखाना काढला. १९२१ च्या मोपला बंडात हिंदू-मुसलमान न पाहता लोकांना मदत केली. त्यांच्या राहत्या घरावर हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती तिन्ही धर्मांची चिन्हे आहेत. नाटकाची हौस तर इतकी की स्वतःची मंडळी बाळगली. तिचीच पुढे कथकळीची मंडळी झाली. आपल्या उत्सवात नाटक बसवताना होणारी पळापळ आठवली की मला त्यांचे नवल वाटते. १९३३ मध्ये सरकारने वैद्यरत्न ही पदवी दिली.

३० जानेवारी १९४४ रोजी ते गेले. जाण्यापूर्वीच मृत्युपत्र करून वैद्यशाळा विश्वस्तांकडे सोपवली होती आणि उत्पन्नाचा वाटा रुग्णसेवेला ठेवला होता. भाचे पी. के. वारियर यांनी ती अनेक दशके चालवली. तेही २०२१ मध्ये वयाची शंभरी गाठून गेले.

माझी कंबर आता बरी आहे. विसर्जनानंतर सौभाग्यवतींचा गुडघा दाखवायला पुन्हा तिरूरला उतरायचे आहे. या वेळी आधीपासून कोणत्याही बाटलीचे नाव ठरवलेले नाही.