एक शिलिंगाचे तिकीट

आगगाडीच्या इंजिनाशी जोडलेले स्टीफन्सनचे नाव आपण शाळेत पाठ केले आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवले. पण त्या गाडीत गरिबाला बसवून, केवळ पाहण्यासाठी, दूरदेशी कोणी नेले, हा प्रश्न मला तरी कुठल्या पेपरात आलेला आठवत नाही. कामासाठी प्रवास, लग्नकार्यासाठी प्रवास, देवदर्शनासाठी प्रवास, हे आपल्या ओळखीचे आहेत. परंतु परक्या मुलखातली शेते, नद्या, डोंगर नुसते खिडकीतून पाहायचे आणि घरी परत यायचे, ही श्रीमंतांची चैन, असेच आमच्या घरी समजतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातही तसेच समजत असत. हा समज मोडण्यात ज्याचे आयुष्य गेले त्या थॉमस कुकविषयी मला लिहायचे आहे.

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात मेलबर्न नावाचे गाव आहे. ज्या लॉर्ड मेलबर्नचे नाव ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या शहराला मिळाले, त्याची पदवी याच गावावरून आलेली. या गावी २२ नोव्हेंबर १८०८ रोजी थॉमसचा जन्म झाला. वडील तो लहान असतानाच वारले. दहाव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि तो एका माळ्याच्या हाताखाली राबू लागला. मजुरी दिवसाला एक पेनी. पुढे तो मामाकडे सुतारकाम शिकला. माझ्या वडिलांची शाळा चौथीत सुटली. त्यामुळे ही ओळ वाचताना मी जराशी थांबले. चरित्रकार असल्या गोष्टी एका वाक्यात सांगून पुढे जातात. ज्यांच्या घरी त्या घडलेल्या असतात त्यांना तसे पुढे जाता येत नाही.

थॉमस बॅप्टिस्ट पंथाचा होता. १८२८ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, तो गावोगाव फिरणारा धर्मप्रचारक झाला. पुढच्या एका वर्षात त्याने सुमारे २,७०० मैल प्रवास केला आणि त्यांपैकी २,१०६ मैल पायी! हा हिशेब त्याने स्वतः ठेवला होता. १८३३ मध्ये त्याने मेरीअ‍ॅन मेसन हिच्याशी लग्न केले, मार्केट हारबरो या गावी सुतारकामाचा धंदा चालवला आणि दारूबंदीच्या चळवळीत स्वतःला झोकून दिले. कामकऱ्यांच्या आठवड्याच्या पगारातला मोठा वाटा गुत्त्यात जातो, कारण सुटीच्या दिवशी त्यांना जायला दुसरी जागाच नाही, हे त्याने जवळून पाहिले होते.

१८४१ च्या जून महिन्यात तो दारूबंदीच्या एका सभेसाठी लेस्टरला निघाला होता. अंतर १५ मैल, अर्थातच पायी. त्या भागात नवी रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. चालता चालता त्याच्या मनात आले की, ही आगगाडी आपल्या कामाला जुंपली तर? रेल्वे कंपनीला त्याने घातलेले गणित साधे होते. गाडी रिकामी धावो वा भरलेली, कोळसा आणि नोकरांचा पगार जवळजवळ तेवढाच लागतो. तेव्हा मी तुम्हांला डबे भरून माणसे देतो, तुम्ही मला भाडे कमी करून द्या. कंपनीने मान्य केले आणि ५ जुलै १८४१ रोजी सुमारे ५०० माणसे लेस्टरहून ११ मैलांवरच्या लफबरोला गेली. जाण्यायेण्याचे भाडे एक शिलिंग. डबे उघडे, वर छप्पर नाही, इंजिनाचा धूर तोंडावर. पण बरोबर बँड होता, लफबरोला चहाफराळ होता, खेळ होते, भाषणे होती. त्या ५०० जणांपैकी कितीतरी जण त्या दिवशी पहिल्यांदाच आगगाडीत बसले असतील. आपल्याच परगण्यातली कुरणे आणि कुंपणे डोळ्यांसमोरून पळताना त्यांना काय वाटले असेल, हे मी मनाशी आणून पाहते.

आरंभीची काही वर्षे त्याने अशा सहली नफ्याकरिता काढल्या नाहीत. १८४५ ची लिव्हरपूलची सहल ही धंदा म्हणून काढलेली पहिली. तिच्या आधी तो स्वतः त्या मार्गाने जाऊन आला, खानावळी पाहून आला, आणि प्रवाशांसाठी माहितीचे पुस्तक त्याने आपल्याच छापखान्यात छापले. मग स्कॉटलंड. मग १८५१ चे लंडनचे भव्य प्रदर्शन, ज्याला त्याने दीड लाखांहून अधिक माणसे नेली. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरून भाडे साठवण्याची मंडळे गिरण्या-कारखान्यांच्या गावांत निघाली होती. त्यांतून कामगार बायकामुलांसह लंडनला गेले. आपल्याकडे बायका भिशी लावतात, त्यातलाच हा प्रकार म्हणायचा.

युरोपची वाट मात्र सोपी नव्हती. १८५५ मध्ये त्याने अँटवर्प, ब्रुसेल्स, कोलोन, ऱ्हाइन नदी, हायडेलबर्ग, स्ट्रासबुर्ग आणि पॅरिस अशी वर्तुळाकार सहल काढली आणि तोट्यात आला. १८६२ मध्ये स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनी त्याला सवलतीची तिकिटे देणे बंद केले. इतक्या वर्षांचा जमलेला धंदा एका निर्णयाने गेला. कुकने मग पुन्हा समुद्रापलीकडे पाहिले.

२६ जून १८६३ रोजी त्याची पहिली स्वित्झर्लंडची सहल लंडनहून निघाली. न्यूहेवनला आगबोट, फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिएप, तिथून आगगाडीने पॅरिस, आणि पॅरिसहून बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांमधून, ऱ्होन नदीच्या घळीतून जिनिव्हा. हा रेल्वेमार्ग तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता. घोड्याच्या बग्गीतून जिथे पूर्वी अनेक दिवस लागत, तिथे आता एका दिवसात गव्हाची शेते मागे पडून द्राक्षांच्या वेली सुरू होत, वेली संपून डोंगर सुरू होत. जवळचे कुंपण झरकन निघून जाते आणि दूरचा डोंगर मात्र आपल्याबरोबर चालत राहतो, ही गंमत आज आपल्याला नवी नाही. त्या पिढीला ती अगदी नवी होती. शिवाय रस्त्याने जाणाऱ्याला गावाचे दर्शनी तोंड दिसते, आगगाडीतून घरांची मागची बाजू दिसते. परसातली भाजी, वाळत घातलेले कपडे, शेतात वाकलेल्या बायका, अशा गोष्टी जुन्या उमरावांच्या प्रवासात फारशा मोजल्याच जात नसत.

या सहलीत यॉर्कशायरमधल्या सेल्बी गावची जेमायमा मोरेल नावाची तरुणी होती. तिने रोजनिशी लिहिली, ती शंभर वर्षांनी, १९६३ मध्ये, पुस्तकरूपाने छापली गेली; म्हणून आपल्याला बरेच कळते. आगगाडी जाईल तिथवर आगगाडी, पुढे घोडागाडी, खेचर, नाही तर पाय. शामोनीची हिमनदी, गेमीची खिंड, रिगी डोंगरावरचा सूर्योदय. पहाटे उठायचे आणि घोळदार झगे सावरत बर्फातून चालायचे. जिनिव्हा-शामोनीच्या पुढे खुद्द कुक त्यांच्याबरोबर नव्हता; ही मंडळी आपली आपण गेली आणि सुखरूप परतली. कुकच्या सहलींत एकट्यादुकट्या स्त्रिया पुष्कळ असत, शिक्षिका, अविवाहित बहिणी, विधवा. वडील किंवा भाऊ सोबत नसतानाही त्यांना घरून परवानगी मिळे, कारण सोबतीला सहल असे. कॉलेजची सहल आहे, मॅडम बरोबर आहेत, हे वाक्य किती दारे उघडते हे माझ्या वर्गभगिनींना मी सांगायला नको!

मोठ्या लोकांना हे रुचले नाही. इटलीत ब्रिटिश वकिलातीत असलेल्या चार्ल्स लीव्हर या कादंबरीकाराने १८६५ मध्ये टोपणनावाने लेख लिहून कुकच्या प्रवाशांची टवाळी केली. ऑस्ट्रेलिया आता कैदी घेत नाही म्हणून इंग्लंड त्यांना युरोपात सोडत आहे, अशी कंडी त्याने पिकवली. थोर कलासमीक्षक रस्किनला तर आगगाडीतून जाणे हा प्रवासच वाटत नव्हता. माणसाचे पार्सल होते असे त्याचे म्हणणे. रस्किनच्या म्हणण्यात काही तथ्य नाही असे नाही. पायी चालणाऱ्याला जे दिसते ते गाडीतल्याला दिसत नाही, आणि गर्दी झाली की डोंगराची शांतता जाते, हे आज आपण डोळ्यांनी पाहतो. पण रस्किनचे वडील दारूचे श्रीमंत व्यापारी होते आणि त्याने लहानपणीच आईवडिलांबरोबर स्वतःच्या बग्गीतून आल्प्स पाहिला होता. ज्याला आठवड्यातून एकच सुटी आहे त्याने पायी आल्प्सला कसे जावे? कुकने आपल्या मासिकातून टीकाकारांना खणखणीत उत्तर दिले. साधी माणसे या सुंदर मुलखात आलेली यांना का खपू नयेत, असा त्याचा सवाल होता. मी या वादात कुकच्या बाजूने आहे.

पुढे कामाचा व्याप वाढला. १८६४ मध्ये इटलीची सहल निघाली. आल्प्सखालचा बोगदा १८७१ मध्ये खुला होईपर्यंत प्रवासी खिंडीतून गाड्यांनी ओलांडत. प्रत्येक देशाची रेल्वे वेगळी, नाणे वेगळे, भाषा वेगळी. कुकने अनेक रेल्वेंची तिकिटे एकाच पुस्तिकेत गुंफली, १८६८ पासून हॉटेलांसाठीही कूपने काढली आणि १८७३ मध्ये सबंध युरोपच्या गाड्यांचे वेळापत्रक छापायला सुरुवात केली. मला त्याच्या साऱ्या कामात हे वेळापत्रक अधिक मोलाचे वाटते. फ्रेंच-जर्मन न येणाऱ्या माणसाला त्यातले आकडे तर वाचता येत होते.

१८७२-७३ मध्ये कुक २२२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. त्यात तो हिंदुस्थानातही आला आणि कलकत्त्याहून उत्तरेतली शहरे पाहत आगगाडीने मुंबईस पोचला. तेव्हा उत्तरेकडून मुंबईला येणारा रेल्वेमार्ग एकच होता, जबलपूर, खांडवा, भुसावळ, मनमाडवरून. म्हणजे तो आमच्या खानदेशातून गेला. आमच्या गावाची शेते त्याने पाहिली असतील, निदान दुरून.

घरात मात्र सुख राहिले नाही. मुलगा जॉन हाडाचा व्यापारी. बापाने धर्मकार्यात आणि स्वस्त सहलींत पैसा घालवावा हे त्याला मान्य नव्हते, आणि हिशेबाच्या बाबतीत बहुधा त्याचेच खरे होते. १८७८ च्या सुमारास बापलेकांची भागी तुटली व थॉमस निवृत्त होऊन लेस्टरला राहू लागला. १८८० मध्ये मुलगी अ‍ॅनी न्हाणीघरातल्या गॅसच्या बंबाच्या विषारी वायूने गेली, १८८४ मध्ये पत्नी गेली. त्याची दृष्टीही गेली. १८९१ मध्ये लंडनला कंपनीच्या सुवर्णमहोत्सवाची मोठी मेजवानी झाली, तिला तो नव्हता. १८ जुलै १८९२ रोजी त्याचे निधन झाले.

कंपनी पुढे राजेमहाराजांची आणि लक्षाधीशांची व्यवस्था पाहू लागली, हातोहाती विकली गेली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कर्जात बुडाली. भारतातली त्या नावाची कंपनी २०१२ मध्येच वेगळ्या मालकीची झालेली असल्यामुळे तिच्या पाट्या आपल्याला अजून दिसतात. युरोपच्या वेळापत्रकाचा शेवटचा अंक कंपनीने २०१३ मध्ये काढला. ते बंद पडू नये म्हणून त्याच्या संपादनात असलेल्यांनी पुढच्याच वर्षी ते स्वतंत्रपणे पुन्हा छापायला घेतले.