मेहबूब पटेल ते अमर शेख : एका स्वीकारलेल्या नावाचे चरित्र



मुंबईत सात रस्त्याकडून लोअर परळकडे जाणारा एक रस्ता आहे. पाटीवर त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग असे आहे. १९२० साली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे कामगार नेते नारायण मल्हार जोशी यांचे ते स्मारक होय. तरीही तेथील बी.डी.डी. चाळींचा पत्ता सांगताना लोकांच्या तोंडी आजही डिलाईल रोड हेच नाव येते. नाव बदलण्यासाठी एक ठराव पुरतो. ते रुजण्यासाठी मात्र लोकांच्या जिभेची संमती लागते. माणसाने स्वतःसाठी स्वीकारलेल्या नावालाही हाच नियम लागू पडतो का? याच गिरणगावात ज्यांचा आवाज घुमला, त्या शाहीर अमर शेख यांच्या चरित्राच्या आधारे आपण या प्रश्नाचा विचार करू.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झाला. पटेल हे आडनाव गावच्या पाटीलकीशी नाते सांगणारे. घरात मात्र गरिबी होती. आई मुनेरबी यांच्याकडून त्यांना लोकगीतांचा वारसा मिळाला. पोटासाठी त्यांनी मिळेल ते काम केले आणि पुढे ते गिरणीत कामगार झाले. बार्शीतील गिरणी संपात भाग घेतल्यामुळे त्यांना विसापूरच्या तुरुंगात जावे लागले. तेथे कामगार पुढारी रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी झालेल्या परिचयातून ते साम्यवादी विचारांकडे वळले. त्यानंतर कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम करीत असताना त्यांना अमर शेख हे नाव मिळाले. पुढे आयुष्यभर त्यांनी तेच नाव चालविले.

या नावाची घडण तुम्ही बारकाईने पाहा. आपल्याकडे व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदांची रीत आहे. त्यातून घराणे, गाव आणि पुष्कळदा जातही ऐकणाऱ्याला कळते. कवींची टोपणनावेही बहुधा नात्यांतूनच आलेली दिसतात. कृष्णाजी केशव दामले केशवसुत झाले, म्हणजे केशवाचे पुत्र. विष्णु वामन शिरवाडकर कुसुमाग्रज झाले, म्हणजे कुसुमचे थोरले बंधू. अमर शेख या नावात मात्र वडील नाहीत, गाव नाही आणि पाटीलकीही नाही. त्यातील पहिला शब्द संस्कृतातून आलेला, तर दुसरा अरबीतून. हे दोन शब्द शेजारी आल्यामुळे धर्म लपविला गेला नाही. पण त्या धर्माची ठरीव चौकट मात्र मोडली. म्हणून या नावाला मुखवटा म्हणता येणार नाही.

असे नाव घेणे सोपे असते. ते निभावणे कठीण. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह अमर शेख यांनी लाल बावटा कलापथकातून गिरणगावात कार्यक्रम केले. साठे यांचे मूळ नाव तुकाराम होते, हेही येथे लक्षात घ्यावे. फाळणीच्या काळात नावावरून माणसाचा धर्म ओळखला जात होता आणि धर्मावरून त्याचे भवितव्य ठरत होते. त्या काळातही शेख हा शब्द नावातून न वगळता ते मराठी श्रोत्यांसमोर उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफ हाती घेऊन त्यांनी आपल्या पहाडी आवाजाने सभा जागविल्या. मराठी भाषकांच्या राज्याची मागणी एका मुसलमान शाहिराच्या कंठातून उमटली आणि श्रोत्यांना ती आपलीच वाटली. ही परंपराही नवी नव्हती. पेशवाईच्या उत्तरकाळातील सगनभाऊ हे मुसलमान शाहीरही मराठी लावणी-पोवाड्याच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून आहेत.

शाहिरी रचनेच्या शेवटी कवी आपले नाव गुंफतो. त्याला नाममुद्रा म्हणतात. त्या जागी आलेले नाव रचनेची जबाबदारी स्वीकारते. अमर शेख यांचे नाव याच अर्थाने त्यांच्या कार्याची नाममुद्रा ठरले. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे काव्यसंग्रह, ‘पहिला बळी’ हे नाटक आणि ‘प्रपंच’ या १९६१ सालच्या चित्रपटातील भूमिका अशा सर्व ठिकाणी तेच नाव कायम राहिले. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कन्येने कविता लिहिली ती मल्लिका अमर शेख या नावाने. ज्या नावाला पूर्वज नव्हते, ते पुढच्या पिढीसाठी वडिलांचे नाव आणि आडनाव झाले. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. स्वीकारलेले नाव पहिल्या दिवशी रिकामे असते. ते आपण कृतीने भरतो आणि लोक ते उच्चारून पक्के करतात.

मित्रहो, प्रवेश-अर्जावरील तुमचे नाव आणि घरात, कामावर किंवा लेखनात वापरले जाणारे तुमचे नाव कदाचित भिन्न असेल. विवाहानंतर काहींचे नाव बदलले असेल. काहींनी जात सांगणारे आडनाव सोडले असेल. यांपैकी कोणते नाव खरे, असे विचारण्याऐवजी कोणत्या नावाची जबाबदारी आपण घेतो, हे स्वतःला विचारा.

स्वाध्याय : तुमच्या परिसरातील ज्या रस्त्याचे किंवा चौकाचे अधिकृत नाव एक आणि रूढ नाव दुसरे आहे, असे एक उदाहरण घ्या. दोन्ही नावे कोण वापरतात आणि का, याविषयी दहा ओळी लिहा.